श्टुटगार्टचा ओव्हन आणि जळगावची नानकटाई : 11 महिन्यांच्या वापरानंतर

यजमानांच्या कामानिमित्त जून 2024 ते एप्रिल 2025 असे 11 महिने आम्ही जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहिलो. भाड्याच्या घरात ओट्याखाली बसवलेला विजेचा ओव्हन होता आणि दिवाळी व नाताळ हे दोन्ही सण मी त्याच्याच भरवशावर केले. जळगावला परतल्यापासून ओळखीच्या बायका त्याविषयी विचारतात, आणि यंदा धुळ्याची माझी भाचीही तिकडे निघाली आहे, म्हणून सविस्तर लिहिते. ओव्हन उत्तमच आहे. शिकावे लागते ते दुकानातली पाकिटे वाचायला आणि तिथले कॅलेंडर पाहून सामान भरायला.

आपल्याकडे दिवाळीत मैदा, तूप आणि पिठीसाखर डब्यांत भरून बेकरीवर न्यायची आणि संध्याकाळी नानकटाईचे डबे घरी आणायचे, अशी रीत आहे. भट्टी किती तापवायची हे बेकरीवाला जाणतो, आपल्याला त्याची गरज पडत नाही. तिथे ते काम माझ्यावर आले. ओव्हनच्या बटणावर वर-खाली दोन आडव्या रेघा असतील तर वरून आणि खालून आच मिळते. पंख्याचे चित्र असेल तर गरम हवा आत फिरते, आणि अशा वेळी तापमान साधारण 20 अंशांनी कमी ठेवावे लागते. नानकटाईला मला दोन रेघांची 170 अंशांची आचच मानवली. पंख्यावर तिच्या कडा आधी लाल होत आणि मध्यभाग कच्चा राही.

तरीही पहिला घाणा फसला. सासूबाईंनी घरच्या साजूक तुपाचा डबा भरून ठेवला होता, पण भारतातून युरोपीय संघात जाताना सामानातून दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई असल्यामुळे तो जळगावलाच ठेवावा लागला. मी तुपाच्या मापाने लोणी घातले आणि 20 मिनिटांनी ओव्हन उघडला, तर गोल पेढ्यांसारख्या ठेवलेल्या नानकटाया पसरून एकमेकींना चिकटल्या होत्या. पत्र्यावर एक सलग पोळी झाली होती. विकतच्या लोण्यात सुमारे 16 टक्क्यांपर्यंत पाणी असते, हे मला नंतर उमगले. तूप हवे असेल तर ‘बुटरश्माल्ट्स’ असे लिहिलेला डबा घ्यावा. त्याला आपल्या कढवलेल्या तुपाचा रवाळ खमंगपणा नाही, पण नानकटाई खुसखुशीत होते.

पिठाच्या बाबतीतही तसेच झाले. तिथे पाकिटावर 405, 550, 1050 असे आकडे असतात. पीठ जाळल्यावर 100 ग्रॅममागे जितके मिलिग्रॅम खनिज उरते, त्यावरून हे आकडे आले आहेत. म्हणून आकडा लहान तितके पीठ पांढरे. मैद्याच्या जागी 405 चालते. ‘वोल्कोर्न’ म्हणजे कोंड्यासकट दळलेले पीठ, आणि आपल्या खानदेशी बट्टीसाठी मला तेच उपयोगी पडले. त्यात मक्याचा रवा, हळद, मीठ आणि घरून नेलेला ओवा घालून वळकट्या वाफवायच्या, कापायच्या आणि तळण्याऐवजी 200 अंशांवर कडक होईपर्यंत भाजायच्या. वरण-बट्टीचा हा बेत मी निदान 15 वेळा केला असेल आणि प्रत्येक वेळी तो जमला. सोबतच्या घोटलेल्या वांग्यांना मात्र आपल्याकडच्या वांग्यांची चव कधीच आली नाही.

सर्वांत जास्त त्रास कॅलेंडरने दिला. रविवारी किराणा दुकाने बंद असतात हे ऐकून होते, पण त्या वर्षी लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला, शुक्रवारी आले, आणि त्या दिवशी श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे तिथे ख्रिस्ती संतांच्या सणाची सार्वजनिक सुट्टी असते. पिठीसाखर संपली होती आणि मी दुकानाच्या बंद दारासमोर पिशवी घेऊन उभी होते. शेवटी साधी साखर मिक्सरमध्ये बारीक करून वेळ निभावली. भाऊबीज रविवारी होती, त्यामुळे शनिवारी घाईघाईने सगळे भरून ठेवले. नाताळात 24 तारखेला दुपारी 2 नंतर दुकाने मिटतात आणि 25 व 26 हे दोन्ही दिवस बंद राहतात, म्हणून सामान 23 लाच घरात असावे.

याच नाताळाच्या खरेदीत मला ‘हिर्शहॉर्नझाल्त्स’ नावाची लहानशी पुडी दिसली. तिथे मसाल्याच्या पारंपरिक बिस्किटांत ती घालतात. घरी आणून फोडली, तर नाकात जाणारा तोच उग्र वास आला, जो बेकरीच्या दारात उभे राहून मी लहानपणापासून ओळखते. आपले बिस्किटवाले ज्याला नुसते अमोनिया म्हणतात, तेच ते होते. पातळ आणि चपट्या पदार्थांतच ते वापरावे, कारण भाजताना वायू पूर्ण निघून जावा लागतो. 200 ग्रॅम मैदा, 50 ग्रॅम बेसन, 150 ग्रॅम तूप आणि 125 ग्रॅम पिठीसाखर या मापात त्यातले चिमूटभर, चमचाभर दुधात विरघळवून घातले, तेव्हा कुठे नानकटाईला वरून भेगा पडल्या. शेजारच्या आजींनी त्यांच्या चंद्रकोरीच्या आकाराच्या व्हॅनिला बिस्किटांच्या बदल्यात ती आनंदाने घेतली आणि कृती ग्रॅममध्येच लिहून मागितली. माझी सगळी मापे वाटीची आणि अंदाजाची होती, म्हणून त्या रात्री काट्यावर एकेक जिन्नस पुन्हा मोजून कागद तयार केला. त्याचीच एक प्रत आता भाचीच्या बॅगेत ठेवली आहे.