तेल-वायूच्या विहिरीसाठी निकेल अलॉय निवडताना: ७१८, ९२५, ७२५, ६२५ की ८२५?

"७१८ चांगला की ७२५?" हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो आणि दर वेळी मी उलट विचारतो, की भाग कोणता आणि तो बसणार कुठे? हे आकडे म्हणजे निकेलच्या अलॉयांची, म्हणजे मिश्रधातूंची, नावं, आणि नावावरून अलॉय निवडता येत नाही. आधी कागदावर काही गोष्टी हव्यात: जास्तीत जास्त तापमान, हायड्रोजन सल्फाइडचा आंशिक दाब (एकूण दाबातला त्याचा वाटा), पाण्यातलं क्लोराइडचं प्रमाण आणि मुक्त गंधक येतंय की नाही. आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात. हा भाग समुद्राच्या पाण्यात कॅथोडिक संरक्षणाखालच्या (गंज रोखण्यासाठी सौम्य वीजप्रवाह दिलेल्या) पोलादाला जोडलेला असणार आहे का? या एका उत्तराने कधी कधी सगळी निवड फिरते.

मुळात निकेल हवंच का, हेही तपासा. विहिरीत मुख्यतः कार्बन डायऑक्साइड असेल आणि सल्फाइड नगण्य, तर १३ टक्के क्रोमियमचं पोलाद पुरतं. सल्फाइड थोडा वाढला तर डुप्लेक्स किंवा सुपर डुप्लेक्स स्टेनलेस पोलाद. तापमान, क्लोराइड आणि सल्फाइड तिन्ही एकत्र चढले की या पोलादांचा निभाव लागत नाही, आणि मग पुढचं वाचा.

ताकद कुठून येते

या अलॉयांचे दोन गट पडतात आणि निम्मा निर्णय इथेच होतो. ८२५, ६२५ आणि सी-२७६ यांना ताकद द्यायची तर थंड अवस्थेत ओढावं किंवा लाटावं लागतं. नरम अवस्थेतल्या ८२५ ची किमान यील्ड ताकद (ज्या ताणाला धातूचा आकार कायमचा बदलू लागतो तो) जेमतेम २४१ मेगापास्कल असते. त्याचीच नळी थंड ओढली की ती ७५८ च्या पुढे जाते. म्हणून उत्पादन नळ्या, म्हणजे तेल-वायू वर आणणाऱ्या नळ्या, या गटातून होतात. पण ट्युबिंग हँगरसारखा (या नळ्यांचा भार वर पेलणारा) जाड ठोकळा गाभ्यापर्यंत थंड घडवता येत नाही. तिथे ७१८, ९२५, ७२५ हा दुसरा गट लागतो. यांच्यात कमी-अधिक नायोबियम, टायटॅनियम आणि अॅल्युमिनियम असतं. भट्टीत ठरावीक तापमानाला ठेवलं की त्यांचे अतिसूक्ष्म कण धातूत तयार होतात आणि तेच ताकद देतात.

थंड ओढून ताकद दिलेल्या नळीवर वेल्डिंग केलं की वेल्डजवळची ताकद गेली. म्हणूनच त्या नळ्या आट्यांनी जोडतात. नवख्या डिझायनरकडून इथे हमखास चूक होते.

७१८, ९२५, ७२५

७१८ हा हर्बर्ट आयझेलस्टाइन यांनी विकसित केलेला अलॉय मूळचा जेट इंजिनांसाठीचा. त्याचं पेटंट १९६२ चं. तेलक्षेत्रात तो रुळला कारण ताकद भरपूर, बार सहज मिळतात आणि पुरवठादार त्याला ओळखतात. तेलक्षेत्राच्या नेहमीच्या दर्जात किमान यील्ड ८२७ मेगापास्कल मिळते. ९२५ त्याच्या थोडा खाली, साधारण ७५८. रचनेने ९२५ म्हणजे ८२५ मध्ये टायटॅनियम वाढवून कठीण करता येईल असा केलेला भाऊच आहे. निकेल ४२ ते ४६ टक्के, बाकी बराचसा लोखंड आणि क्रोमियम. ७२५ चा वारसा ६२५ चा: मॉलिब्डेनम ७ ते ९.५ टक्के, तर ७१८ आणि ९२५ मध्ये ते ३ टक्क्यांच्या आसपास.

हा मॉलिब्डेनमचा फरक कागदावर छोटा दिसतो, विहिरीत मोठा. खड्डे पडण्याला आणि फटीतल्या क्षरणाला रोखतं ते प्रामुख्याने मॉलिब्डेनम. सल्फाइड असलेल्या विहिरींतल्या धातूंसाठीचं मानक आयएसओ १५१५६, त्याच्या तिसऱ्या भागात, म्हणजे जुन्या एमआर०१७५ मानकाच्या वारशात, ७१८ आणि ९२५ एकाच तक्त्यात बसवले आहेत. २०४ अंश सेल्सिअसला त्यांना हायड्रोजन सल्फाइडचा १४०० किलोपास्कल आंशिक दाब चालतो, २३२ अंशांना फक्त २००. ७२५ ला त्याच तापमानांना ४१०० आणि १००० किलोपास्कल मिळतात. विहीर १५० अंशांच्या आत आणि सल्फाइड मध्यम असेल तर ७२५ ची जादा किंमत मला पटत नाही. २०० च्या पुढे, भरपूर सल्फाइडसह, ७१८ वर अडून बसणं मला त्याहून कमी पटतं.

मग ७१८ आणि ९२५ एकाच तक्त्यात असतील तर ९२५ कशाला? त्यात निकेल कमी आणि नायोबियम फारच थोडं, त्यामुळे निकेल महागलं की ९२५ कडे लोक वळतात. पॅकर (नळीभोवतीची जागा बंद करणारं साधन) आणि सेफ्टी व्हॉल्व्हच्या भागांना त्याची ताकद पुरते. ताकदीच्या कडेवर डिझाइन उभं असेल तर मात्र ७१८ च.

प्रमाणपत्रावरचं नाव पुरेसं नाही

सगळ्यात जास्त जोर मला इथे द्यायचा आहे. विमानाच्या भागांसाठीचा ७१८ आणि विहिरीसाठीचा ७१८ यांचं रासायनिक विश्लेषण जवळजवळ सारखं दिसू शकतं, पण ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. विमानाच्या रीतीत द्रावण-तापन (आधीचे कण विरघळवणारं तापवणं) कमी तापमानाला, मग ७२० आणि ६२० अंशांना दोन टप्प्यांत एजिंग (ताकदीचे कण तयार करणारं तापवणं). यील्ड १०३४ मेगापास्कलच्या वर जाते, पण कणसीमांवर (धातूच्या स्फटिकांच्या कडांवर) डेल्टा नावाची वेगळ्या रचनेची फेज बसते. हायड्रोजन आत शिरला की तडा याच सीमांवरून धावतो. तेलक्षेत्राच्या रीतीत द्रावण-तापन १०२१ ते १०५२ अंशांना करतात म्हणजे डेल्टा विरघळते. नंतर ७७४ ते ८०२ अंशांना ६ ते ८ तास एकच एजिंग. ताकद थोडी सोडून चिवटपणा घेतलेला असतो, आणि कठीणता ४० रॉकवेल सी च्या आत ठेवावी लागते.

याचसाठी आधी एपीआय ६ए७१८ ही अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची नियमावली आली आणि २०१५ मध्ये इतर कठीण होणाऱ्या निकेल अलॉयांनाही सामावणारी एपीआय ६एसीआरए. तिच्यात सूक्ष्मरचनेचे फोटो पाहून माल नाकारायची सोय आहे. खरेदीच्या कागदात फक्त "७१८" लिहिलं असेल तर वेगळ्या रीतीचा माल दारात आला तरी पुरवठादाराशी भांडायला आधार राहत नाही.

७२५ याला अपवाद नाही. त्याच्याही कणसीमांवर क्रोमियम-मॉलिब्डेनमने भरलेले कण बसू शकतात आणि हायड्रोजनमध्ये तिथूनच तडे जातात. क्षरणात वरचढ म्हणून हायड्रोजनमध्येही वरचढ, हे गृहीत धरू नका. समुद्रतळावरचा भाग कॅथोडिक संरक्षणाखाली असेल तर त्याच्या पृष्ठभागावर सतत हायड्रोजन तयार होत असतो. तिथे मी सूक्ष्मरचनेचा अहवाल वाचल्याशिवाय कोणताच अलॉय मान्य करत नाही.

के-५०० चा अनुभव याच जातीचा. हा निकेल-तांब्याचा कठीण होणारा अलॉय पंपांच्या शाफ्टना आजही योग्य आहे, पण त्याचे बोल्ट समुद्राच्या पाण्यात कॅथोडिक संरक्षणाखाली हायड्रोजनने तडकल्याची उदाहरणं प्रसिद्ध आहेत. बोल्टसाठी मी तो घेणार नाही.

६२५ आणि ८२५

६२५ अख्खा घेण्यापेक्षा त्याचा थर घेणं बहुतेक वेळा शहाणपणाचं. वेलहेड (विहिरीच्या तोंडावरची जोडणी) आणि व्हॉल्व्हचं अंग कमी मिश्रणाच्या पोलादाचं, आणि ओला पृष्ठभाग ६२५ च्या वेल्ड थराने मढवलेला. ताकद पोलादाची, क्षरणरोध ६२५ चा. इथे पाहायचं ते लोखंडाचं मिसळणं. वेल्ड करताना खालचं लोखंड थरात शिरतं, म्हणून एपीआय ६ए मध्ये एफई५ आणि एफई१० असे वर्ग आहेत, म्हणजे थरात जास्तीत जास्त ५ किंवा १० टक्के लोखंड. तीव्र सल्फाइडसाठी मी ५ चाच आग्रह धरतो, मग त्यासाठी दुसरा पदर द्यावा लागला तरी.

८२५ बारीक नियंत्रण नळ्यांसाठी उत्तम. मात्र मॉलिब्डेनम ३ टक्क्यांच्या आसपास असल्याने प्राणवायू असलेल्या समुद्राच्या पाण्यात त्याच्या फटींमध्ये क्षरण सुरू होतं. क्लॅम्पखाली, फेरूलखाली (नळी घट्ट धरणाऱ्या कड्याखाली), चिकटलेल्या शिंपल्यांखाली. विहिरीच्या आत, जिथे प्राणवायू नाही, तिथे हाच ८२५ वर्षानुवर्षं टिकतो. नळीचा वरचा तुकडा समुद्राच्या पाण्यातून जात असेल तर तेवढ्यापुरता तरी ६२५ घ्या.

मुक्त गंधक आणि उच्च तापमान एकत्र आले की सी-२७६. मॉलिब्डेनम १५ ते १७ टक्के आणि वर टंगस्टन. विहिरीत आम्ल सोडायचं असेल, परतणारं आम्ल तासन् तास नळीत राहणार असेल, तर त्याचाही विचार याच्या बाजूने जातो. एरवी तो गरजेपेक्षा महागात पडतो.

मी कसा ठरवतो

नळ्यांसाठी आधी थंड ओढलेला ८२५ तपासतो. तापमान आणि सल्फाइडच्या मर्यादेबाहेर गेलं तरच वर सरकतो. हँगर आणि पॅकर मँड्रेलसाठी (पॅकरच्या मधल्या नळीसाठी) ७१८ पासून सुरुवात करतो. ताकद कमी पुरत असेल तर ९२५, वातावरण तीव्र असेल तर ७२५. वेलहेडला ६२५ चा थर. समुद्रातल्या बोल्टना तेलक्षेत्राच्या रीतीने तापवलेला ७१८, तोही कठीणतेची वरची मर्यादा लिहून. आट्या असतील तिथे एकमेकांत घासणारे दोन्ही भाग एकाच अलॉयचे आणि सारख्याच कठीणतेचे ठेवत नाही, कारण निकेल अलॉय निकेल अलॉयला धरतो आणि जोड उघडताना आटे फाटतात.

मागणीपत्रात मग मी यूएनएस (धातूंच्या एकसमान क्रमांकपद्धतीचा) क्रमांक लिहितो, ७१८ ला एन०७७१८, ९२५ ला एन०९९२५, ७२५ ला एन०७७२५. त्याखाली एपीआय ६एसीआरए चा ताकदीचा दर्जा, उष्मोपचाराची पट्टी, कठीणतेची कमाल मर्यादा आणि प्रत्येक हीटच्या (एका वितळणीतल्या मालाच्या) सूक्ष्मरचनेचे फोटो मालासोबत हवेत ही अट. व्यापारी नावं मी तिथे लिहीत नाही.