ओतायचा साचा की दाबायचा?

मातीच्या भांड्यांचे हे साचे दोन्ही प्लास्टरचेच (प्लास्टर ऑफ पॅरिस), पाण्याचं गणित मात्र वेगळं. स्लिप, म्हणजे पाण्यात कालवलेली पातळ माती, ओतायची तर साच्यानं पाणी भराभर ओढलं पाहिजे, म्हणून १०० भाग प्लास्टरला वजनानं ७० भागांच्या आसपास पाणी. माती थापून दाबायची असेल तर पाणी थोडं कमी घ्या. साचा घट्ट होतो, मार सोसतो. अंदाजपंचे कालवू नका, वजनकाटा घ्या. (आणि प्लास्टर पाण्यात भुरभुरवायचं, उलट नाही.)

थाळी, वाटी, टाइल अशा उघड्या घाटाला दाबायचा साचा भरपूर झाला. तो एका तुकड्यात होतो, चाकावरची नेहमीची माती चालते. घरी काम करणाऱ्यानं इथूनच सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत.

किटलीचं पोट दाबून काढणं म्हणजे नसती कटकट. तिथे ओतकामच हवं. पण मग साचा दोन-तीन तुकड्यांचा, तुकडे एकमेकांत जुळवणाऱ्या खुंट्या नीट बसतील असा. कडेला माती धरली की उरलेली स्लिप उपडी करून काढायची. जोडावर शिवण उमटते. भांडं जरा कडक झाल्यावर ती खरवडली, ओल्या स्पंजनं पुसली, तरी पोर्सलेनमध्ये भाजल्यावर कधीकधी पुन्हा डोकं वर काढते.

स्लिप पातळ ठेवणारं सोडियम सिलिकेट प्लास्टरलाही हळूहळू खातं, बारीक नक्षी बोथट होते. दाबायच्या साच्याला हा त्रास नाही. वाळवताना मात्र दोघांनाही ५० अंशांच्या वर तापवू नका, प्लास्टर भुसभुशीत होतं.