बुटाच्या खोक्यातली इंग्रजी: पोळा ते होळी, सात महिन्यांचा अनुभव

केळी पेट्यांत भरून पाठवणाऱ्या पॅकहाऊसला नवीन लागलो तेव्हा मी एका मेलमध्ये केळीच्या फणीला 'कोम' लिहिलं होतं, केस विंचरायचा कंगवा. एका पेटीत किती कंगवे येतील ते आकड्यासकट कळवलं. समोरच्या माणसाने बिचाऱ्याने फोटो मागवला. फणीला इंग्रजीत 'हँड' म्हणतात आणि एकेका केळाला 'फिंगर', हे मला तेव्हा कळलं. हात आणि बोटं! एकदा कळल्यावर विसरणं शक्य नाही, पण असे किती शब्द फजिती करून घेऊन शिकणार?

मी जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याकडचा. मराठी माध्यम, पुढे बी.कॉम. इंग्रजी वाचलेलं कळतं, फोनवर निभतं. सलग पाच वाक्यं लिहायची वेळ आली की जुन्या मेलमधून उचलायची आणि चिकटवायची, असं पाच वर्षं चाललं. पोळ्याच्या सुमारास ठरवलं की आता पुरे, इंग्रजी शब्द आणि परिच्छेद लिहिणं नीट शिकायचं. खाली लिहितोय ते माझ्यासारख्या मधल्या पायरीवर अडकलेल्यांसाठी. साधं वाक्यही जमत नसेल तर हा उद्योग आत्ता करू नका, आधी काळ आणि क्रियापदं पक्की करा.

आधी पैसे वाया कुठे गेले ते सांगतो. एक ॲप वर्षभराची वर्गणी भरून घेतलं होतं, नाव सांगत नाही. चित्र दाखवायचं, चार पर्याय द्यायचं, बरोबर आलं की टाळ्या. तीन महिन्यांत पडद्यावर 'अकराशे शब्द शिकलात' असं झळकलं. प्रत्यक्ष मेल लिहायला बसलो तर त्यातला एकही शब्द हाताशी येईना. समोर दिसलेला शब्द ओळखणं आणि कोऱ्या कागदावर तो स्वतःहून आठवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि ते ॲप मला फक्त ओळखायलाच लावत होतं.

मग खोका. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने 1972 च्या पुस्तकात मांडलेली ही पद्धत आहे. बुटाचा रिकामा खोका घेतला, केळीच्या पेटीचा पुठ्ठा कापून आत पाच कप्पे केले. शब्दांची कार्डं करायची, एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात. उत्तर बरोबर आलं की पुढच्या कप्प्यात, चुकलं की कुठूनही थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज काढायचा, दुसरा दोन दिवसांनी, पाचवा महिन्यातून एकदा. पाठ केलेलं सुरुवातीला भराभर निसटतं हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्येच दाखवलं होतं. शब्द निसटायच्या बेतात असतानाच त्याला पुन्हा गाठायचं, एवढंच या खोक्याचं काम.

हेच गणित करणारं 'अंकी' नावाचं ॲप आहे. जपानीत या शब्दाचा अर्थच पाठांतर. अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर पैसे पडतात. तेही वापरून पाहिलं. पण लग्नसराईत मी अकरा दिवस ते उघडलंच नाही आणि नंतर साचलेल्या सहाशे कार्डांचा आकडा पाहून धीर सुटला. दोष माझाच. खोका मात्र जेवणाच्या ताटाशेजारी बसून राहतो, त्याला टाळता येत नाही. रोज भुसावळ-जळगाव रेल्वेने जाणाऱ्यांना कदाचित ॲपच सोयीचं पडेल.

आता खरी गोष्ट. माझी पहिली दोनशे कार्डं वाया गेली. एका बाजूला इंग्रजी शब्द, मागे मराठी अर्थ, असली होती ती. हे लक्षात आलं भरतामुळे.

आमच्याकडे फैजपूरचे एक निवृत्त सर आहेत, आठवड्याला माझी वही तपासतात. थंडीच्या दिवसांत त्यांनी विषय दिला: भरीत कसं करतात, दहा वाक्यांत. सोपं वाटलं. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, इथपर्यंत आलो. रोस्ट. बेक नाही, बेक म्हणजे भट्टीत. पुढे 'ठेचायची' इथे गाडी अडली. इंग्रजी-मराठी शब्दकोशात क्रश, पाउंड, मॅश, ग्राइंड या सगळ्यांपुढे फिरून फिरून तेच: चिरडणे, ठेचणे, कुटणे, दळणे. मी 'ग्राइंड' ठोकून दिलं. सर हसले. म्हणाले, "काय भो, भरताचं पीठ केलंस?"

त्या दिवशी लर्नर्स डिक्शनरी उघडली, म्हणजे अर्थ सोप्या इंग्रजीतच देऊन खाली वापराची वाक्यं देणारी. शिजलेला मऊ पदार्थ दाबून लगदा करणं ते मॅश, म्हणून बटाटा मॅश होतो. वरून घाव घालत राहणं ते पाउंड. जोराने दाबून चेंदामेंदा करणं ते क्रश. ग्राइंड म्हणजे पूड. आता सांगा, लाकडी भांड्यात मिरच्यांबरोबर ठेचलेलं वांगं यातलं काय? आमचं अर्धा तास चाललं. मिरच्या-लसूण पाउंड आणि वांगं मॅश, असा तह झाला. हे चार शब्द मी जन्मात विसरणार नाही.

तेव्हापासून कार्डाची रीत बदलली. समोर माझ्या कामातलं वाक्य, शब्दाच्या जागी रेघ. मागे तो शब्द आणि त्याचे शेजारी. पाऊस 'हेवी' असतो, 'बिग' नसतो. निर्णय 'मेक' करतात, गृहपाठ 'डू' करतात. 'डिस्कस'च्या मागे 'अबाउट' लागत नाही, हे तर मी आयुष्यभर लावत आलो. एका कार्डाला पाच मिनिटं लागतात, म्हणून दिवसाला चारच. त्याच चारांचा माझ्या लिहिण्यावर त्या अकराशेंपेक्षा जास्त परिणाम झाला.

शब्द निवडायला न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांची 2000 मध्ये प्रसिद्ध झालेली, अभ्यासाच्या लिखाणात वारंवार येणाऱ्या इंग्रजी शब्दांची यादी घेतली. 570 शब्दकुटुंबं, दहा भागांत. नावात 'अकॅडेमिक' आहे म्हणून बिचकू नका. पहिल्याच भागात अव्हेलेबल, रिक्वायर, एस्टिमेट, व्हेरी असे आमच्या मेलमध्ये रोज लागणारे शब्द निघाले. हा 'व्हेरी' म्हणजे बदलत जाणं, 'खूप'वाला नव्हे. कुटुंब म्हणून शिकायचं हे त्यातलं उत्तम: व्हेरी, व्हेरिएबल, व्हेरिएशन. पुढचे भाग माझ्या कामाचे कमी होते, अर्धे सोडून दिले.

परिच्छेदात माझा आजार वेगळाच निघाला. आपण गोष्ट सांगायला बसलो की आधी हवापाणी, मग घरचे, मग मुद्दा. क्रियापद जसं वाक्याच्या शेवटी, तसा मुद्दाही शेवटी. माझा पहिला परिच्छेद 'आपणा सर्वांना माहीतच आहे की केळी हे महत्त्वाचं फळ आहे' असा सुरू झाला होता. सरांनी पहिली तीन वाक्यं आडवी रेघ मारून उडवली आणि शेवटचं वाक्य वर आणून ठेवलं: मे महिन्यातल्या उष्ण वाऱ्याने घडांचं नुकसान होतं. खाली फक्त त्याच वाक्याला धरून असलेलं ठेवायचं, एकच मुद्दा. मला ते आधी उद्धट वाटलं, घरात शिरताच कामाचं बोलल्यासारखं. पण मेल वाचणारा परका माणूस पहिल्या ओळीतच मुद्दा शोधतो. हिरवी केळी 13-14 अंशांवर का न्यायची हे पूर्वी मी दीड पानात लिहायचो. आता सहा ओळींत होतं आणि उलटा प्रश्न येत नाही.

तक्रारीही आहेत. बोलणं तसूभर सुधारलं नाही, तशी अपेक्षाही ठेवू नका. तपासणारं माणूस नसेल तर परिच्छेद लिहिण्याचा फायदा निम्माच होतो. व्याकरण तपासणारी साधनं स्पेलिंग पकडतात, पण 'भरताचं पीठ' त्यांच्या नजरेतून सुटतं, कारण वाक्य व्याकरणाने बरोबरच असतं. आणि आर्टिकल! मराठीत 'अ' आणि 'द' यांना जागाच नाही, त्यामुळे हात आपोआप त्यांना गाळतो. गेल्या आठवड्याच्या वहीत नऊ लाल गोल, त्यातले सात 'द'चे. त्याचं कार्ड सात महिन्यांत तिसऱ्या कप्प्यापुढे गेलेलं नाही. काल पुन्हा पहिल्यात आलं.