कठड्याला टेकून पाहिलेली रग्बी: कॉर्कमधलं वीस वर्षांखालचं आयर्लंड

कॉर्कला नव्याने आलेलं मराठी कुटुंब भेटलं, की तासाभरात प्रश्न येतोच: हिवाळ्यात संध्याकाळी मुलांना घेऊन जायचं कुठे? माझं उत्तर ठरलेलं आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये मसग्रेव्ह पार्कला जा आणि आयर्लंडच्या वीस वर्षांखालच्या मुलांचा रग्बीचा सामना बघा. मैदानाचं आताचं नाव व्हर्जिन मीडिया पार्क आहे, तिकिटावरही तेच असतं. पण माझ्या वॉर्डातल्या आयरिश नर्स अजून मसग्रेव्हच म्हणतात, त्यामुळे माझ्याही तोंडात तेच बसलं आहे.

मी कोल्हापूरची. लहानपणी आजोबांच्या खांद्यावर बसून खासबागेत कुस्त्या पाहिल्या. रग्बीशी माझा काडीचा संबंध नव्हता. इथे आल्यावर मुलगा शाळेतल्या मित्रांबरोबर क्लबात खेळायला जाऊ लागला आणि त्याच्या हट्टामुळे मी पहिल्यांदा त्या मैदानात पाऊल टाकलं. तारीख माझ्या पक्की लक्षात आहे, १९ मार्च २०२३, रविवार, इथला मातृदिन. आदल्याच दिवशी डब्लिनमध्ये आयर्लंडच्या मोठ्या संघाने इंग्लंडला २९-१६ असं हरवून ग्रँड स्लॅम पूर्ण केला होता, म्हणजे सिक्स नेशन्स या युरोपातल्या सहा संघांच्या वार्षिक स्पर्धेतले पाचही सामने जिंकले होते. आता तेच काम धाकट्यांना करायचं होतं, तेही इंग्लंडविरुद्धच.

आम्ही उभ्याने बघायच्या बाजूला, अगदी कठड्याला लागून जागा धरली. टीव्हीवर रग्बी म्हणजे नुसती ढकलाढकली वाटते. तीन-चार मीटरवरून ती वेगळीच दिसते. दोन्हीकडची आठ-आठ पोरं वाकून एकमेकांना भिडण्याच्या तयारीत असतात. पंच एकेक शब्द सावकाश उच्चारतो, ‘क्राउच’, ‘बाइंड’, ‘सेट’. शेवटच्या शब्दाला सोळा जणांच्या छातीतून एकदम ‘हुं’ असा आवाज निघतो आणि खांद्यावर खांदा आदळतो. तो धक्का आपल्याला पायाखाली जाणवल्यासारखा वाटतो. दिव्यांच्या उजेडात त्यांच्या पाठींवरून वाफ वर जात होती, थंडीच्या पहाटे म्हशींच्या गोठ्यात दिसते तशी.

पहिल्या ओळीतल्या एका प्रॉपच्या, म्हणजे ओळीच्या कडेला भिडणाऱ्या गड्याच्या, डोक्याला पांढरी पट्टी गुंडाळलेली होती. ती सुटली, तेव्हा तो पुन्हा बांधून घ्यायला आमच्या समोरच उभा राहिला. त्याचा कान पाहिला आणि मी थबकले. सुजलेला, आतल्या घड्या बुजलेला, कणकेचा गोळा चिकटवल्यासारखा कान. नर्स म्हणून मला त्याचं कारण माहीत आहे. सारख्या घासण्याने आणि दाबाने कूर्चा आणि तिच्यावरचं आवरण यांच्यामध्ये रक्त साकळतं, वेळेवर काढलं नाही तर तिथेच घट्ट होतं. पण त्या क्षणी मला आठवली आजोबांची तालीम. तिथे मोडलेल्या कानाचा पैलवान आत आला, की पोरं उठून उभी राहायची. हा कान तर जेमतेम एकोणीस-वीस वर्षांच्या पोराचा होता. तिथून पुढे मला हा खेळ परका वाटला नाही.

तो सामना आयर्लंडने ४२-३६ असा जिंकला. फरक सहाच गुणांचा, म्हणजे एक ट्राय (चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे नेऊन टेकवणं, पाच गुण) आणि तिच्यावरची किक (दोन गुण) एवढ्यावर सगळं उलटलं असतं. माझा घसा दोन दिवस बसला होता. सलग दुसरा ग्रँड स्लॅम होता तो. कर्णधार गस मॅकार्थी, पाठीवर दोन नंबर, हुकर, म्हणजे पहिल्या ओळीत मधोमध उभा राहणारा. दहा नंबरला, म्हणजे खेळाची सूत्रं हलवणाऱ्या जागेवर, सडसडीत, उंच सॅम प्रेंडरगास्ट. पुढे २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये दोघेही मोठ्या संघाकडून पहिल्यांदा खेळले आणि मॅकार्थीने फिजीविरुद्धच्या त्या पहिल्याच सामन्यात ट्राय केली. आम्ही घरी टीव्हीवर बघत होतो. मुलगा सोफ्यावरून उडी मारून ओरडला, "आई, हा आपल्या समोर होता!" या तिकिटाची खरी किंमत ती आहे. मोठे होण्याच्या एक पायरी अलीकडे ही मुलं आपल्याला हाताच्या अंतरावर बघायला मिळतात.

संघाचा इतिहास मला शेजारी उभ्या असलेल्या एका आजोबांनी समजावला. आता दर वर्षी त्यांची भेट ठरलेली असते. हा संघ आधी डब्लिनला डॉनीब्रुकमध्ये खेळायचा, २०१९ मध्ये कॉर्कला आला. आला तोच पायगुणाने. पहिल्याच सामन्यात इंग्लंडवर ३५-२७ असा विजय आणि त्याच वर्षी ग्रँड स्लॅम. त्याआधीचा ग्रँड स्लॅम २००७ चा, नंतरचे २०२२ आणि २०२३ चे. २०२२ मध्ये तर याच मैदानात वेल्सला ५३-५ आणि स्कॉटलंडला ५९-५ असं धुतलं, पण त्या वर्षीचा खरा विजय फ्रान्समध्ये जाऊन मिळवलेला १७-१६ चा, असं आजोबांचं मत. सामने पाहता पाहता माझंही तेच झालं आहे. पन्नास गुणांचे विजय दुसऱ्या दिवशी विसरतात.

२०१६ ची गोष्ट सांगताना मात्र त्यांचा आवाज बदलतो. मँचेस्टरच्या विश्वस्पर्धेत या वयोगटाने न्यूझीलंडला ३३-२४ असं हरवलं. तोपर्यंत आयर्लंडच्या मोठ्या संघाला न्यूझीलंडविरुद्ध एकही विजय मिळाला नव्हता, पहिला सामना १९०५ मधला असूनही. मोठ्यांनी तो नोव्हेंबरमध्ये शिकागोला मिळवला. धाकट्यांनी जूनमध्येच करून दाखवलं होतं! त्या संघाचा कर्णधार जेम्स रायन, सोबत अँड्र्यू पोर्टर, ह्युगो कीनन. ही नावं आज इथल्या शाळकरी पोरांच्या तोंडी असतात. अंतिम सामना मात्र इंग्लंडने ४५-२१ असा नेला. २०२३ मध्ये केपटाउनला पुन्हा अंतिम फेरी गाठली, उपांत्य सामन्यात यजमान दक्षिण आफ्रिकेला ३१-१२ असं हरवून, आणि तिथे फ्रान्सने ५०-१४ असा चुराडा केला. विश्वविजेतेपद या संघाकडे अजून आलेलं नाही. मला ते यावं असं मनापासून वाटतं आणि ज्या वर्षी येईल, त्या वर्षीची पोरं आम्ही आधी कॉर्कला पाहिलेली असावीत असंही वाटतं.

आता खटकणाऱ्या गोष्टी. खाण्याची सोय बेताचीच समजा. मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत रांग सरत नाही. एकदा एका टपरीवर आमचा नंबर आला तेव्हा चहा संपला होता आणि चिप्स गार होते. पैसे मात्र पूर्ण. तेव्हापासून आम्ही घरून पोटभर जेवून निघतो. उभ्याने बघायच्या बाजूला पावसाची झड थेट तोंडावर येते, आणि कठड्याजवळ छत्री उघडणं मागच्यांवर अन्याय आहे, म्हणून टोपीचा रेनकोट हवाच. मुलाचा हिरवा जर्सी मी एका ऑनलाइन दुकानातून मागवला, तो दोन माप लहान निघाला आणि परत पाठवायचा खर्च माझ्याच गळ्यात पडला. जर्सी दुकानात जाऊन अंगाला लावूनच घ्या.

बाकी खर्च म्हणाल, तर आम्हा दोघांची तिकिटं मिळून डब्लिनच्या मोठ्या सामन्याच्या एका तिकिटापेक्षा कमी पडतात. शहराच्या मध्यातून बॅरॅक स्ट्रीटचा चढ चढून चालत या, गर्दीबरोबर चालण्यातच अर्धी मजा आहे. मैदान आठ हजारांचं, त्यामुळे कुठूनही नीट दिसतं. विषम वर्षी इंग्लंड आणि फ्रान्स इथे येतात, सम वर्षी इटली, वेल्स आणि स्कॉटलंड. एकच सामना बघायचा असेल तर विषम वर्षाची वाट बघा, सवय लावायची असेल तर सम वर्ष बरं, तीन सामने घरच्या मैदानावर मिळतात.

आणि संघ पडत्या काळात असला म्हणून जाणं टाळू नका. २०२५ च्या जानेवारीअखेर इंग्लंड पुन्हा इथे आलं आणि आयर्लंड ३-१९ असं हरलं. एकही ट्राय नाही. शेवटी शेवटी पोरं गुडघ्यांवर हात टेकून श्वास घेत होती, तरी शिट्टी वाजेपर्यंत टॅकल, म्हणजे समोरच्याला धरून पाडणं, सोडत नव्हती. लोक भराभर पांगले. मी निघू म्हणत होते, सकाळची ड्युटी होती, पण मुलगा कठड्यावरून हलेना. त्याच्या हातात छोटा चेंडू होता.

हिरव्या जर्सीतला एक खेळाडू खाली मान घालून समोरून गेला. चार पावलं पुढे जाऊन थांबला आणि मागे आला. बोटांवरच्या चिकटपट्ट्या सुटत आलेल्या, ओठ फुटलेला. त्याने हात जर्सीला पुसला, चेंडू घेतला, सही केली आणि मुलाला विचारलं, तू कुठल्या जागेवर खेळतोस? मुलगा म्हणाला, हुकर. त्याने चेंडू परत देताना मुलाच्या कानटोपीवरून हात फिरवला, कान चाचपून बघितल्यासारखा, आणि पहिल्यांदाच हसला. ती सही कोणाची, हे आम्हाला अजून वाचता आलेलं नाही. मुलाने घरी आल्यावर तिच्या शेजारी पेनाने त्या खेळाडूचा नंबर आणि ३-१९ असा निकाल लिहून ठेवला आहे.