वर्गाची फाईल मोबाईलमधे: वननोट चार वर्षं वापरून झाल्यावर

22 जुलै 2021 ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा माझ्या बहिणीचं तळमजल्यावरचं कपाट दीड दिवस पाण्यात होतं. ती पण माझ्यासारखीच हायस्कूलला शिकवते, विषय पण विज्ञानच. अकरा वर्षांच्या नोट्स, सराव प्रश्नपत्रिका, प्रयोगांच्या आकृत्या, सगळं प्लास्टिकच्या कव्हरात घालून रिंगवाल्या फायलींत एकदम नीट लावलेलं होतं, आणि त्या कव्हरांनीच घात केला, कारण चिखल आत गेला तो बाहेर पडलाच नाही. आम्ही दोघींनी ब्लेडनं एकेक कव्हर उभं कापून कागद सोडवले आणि दोरीवर वाळत घातले. शाईपेनच्या आकृत्यांचे नुसते निळे डाग उरले होते. तिने एक कागद उजेडात धरून बघितला आणि म्हणाली हा डोळ्याचा होता बहुतेक.

मी तिकडे गुहागर तालुक्यात शिकवते. आमच्याकडे पूर नाही आला पण मिरगापासून नवरात्रापर्यंत कागदाचं काय होतं ते कोकणातल्या कुठल्याही शिक्षकाला विचारा, बुरशीचा वास, चिकटलेली पानं, खालच्या कप्प्यात वाळवी. त्यामुळे चिपळूणहून आल्यावर लगेच मी डिजिटल बाइंडरच्या, म्हणजे मोबाईल-कॉम्प्युटरमधल्या फाईलच्या, मागे लागले.

सुरुवात चुकीच्या ठिकाणी झाली ते आधी सांगते. एका पैसे भरायच्या ॲपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन घेतलं, नाव सांगत नाही, दिसायला फार सुंदर होतं, अगदी खऱ्या फाईलसारखे रंगीत टॅब वगैरे. वर्ष संपलं आणि पुढचे पैसे भरायच्या आधी म्हटलं आपलं सामान बाहेर काढून बघू, तर एकेक पान वेगळं डाउनलोड करायला लागत होतं. दोनशेच्या वर पानं होती. दिवाळीची सुट्टी त्यात गेली. म्हणून आता कोणी नवीन काही दाखवलं की मी पहिलं हेच विचारते की यातून सगळं एकदम बाहेर काढता येतं का.

मग वननोटवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या नोट्स ठेवायच्या ॲपवर, आले आणि तिथेच राहिले. फुकट आहे, कॉम्प्युटर, अँड्रॉइड, आयफोन, ब्राउझर सगळीकडे चालतं. रचना फाईलसारखीच, नोटबुक, त्यात सेक्शन म्हणजे आपले टॅब, आणि सेक्शनमधे पानं. पानावर टाईप करा, फोटो टाका, पीडीएफ जोडा, आवाज रेकॉर्ड करा, बोटाने किंवा पेनने वर लिहा. पण मला सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला म्हणाल तर पान उचलून पाहिजे तिथे ठेवता येतं याचा. ऐकायला किरकोळ वाटेल पण बाइंडर म्हणजे क्रमच की हो. गुगल ड्राइव्हच्या फोल्डरमधे यादी नावाने किंवा तारखेने लागते, हाताने लावता येत नाही, त्यामुळे धड्यांची नावं नुसती मराठीत टाकलीत तर दहावी विज्ञान भाग 1 मधला शेवटचा धडा अवकाश मोहिमा 'अ' मुळे पहिला येतो आणि पहिला धडा गुरुत्वाकर्षण कुठेतरी मधे जातो. ज्यांना ड्राइव्हच वापरायचंय त्यांनी नावाच्या आधी 01, 02 असे आकडे टाकायचे, काम भागतं, आणि जागा पण तिकडे जास्त मिळते, 15 जीबी, फक्त ती जीमेल आणि फोटोंमधे वाटलेली असते. इकडे वननोटचं सामान वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन जागेत, राहतं आणि तिथे फुकटात 5 जीबीच.

माझी मांडणी अशी. दहावी भाग 1 चे दहा धडे म्हणजे दहा सेक्शन, भाग 2 ची वेगळी नोटबुक. प्रत्येक सेक्शनमधे चारच पानं ठेवते, शिकवताना लागणारं, मुलांनी करायचं, प्रयोग आणि मागच्या परीक्षांचे प्रश्न. पहिल्या वर्षी मी एका धड्यात सतरा पानं केली होती, जे दिसेल ते टाकत गेले, व्हिडिओच्या लिंका, लेख, कुणाचे पीपीटी, आणि मुलं उघडून बघायची आणि बंद करायची. एक मुलगी म्हणाली, "बाई, यातलं आधी काय वाचायचं?" त्या दिवशी घरी जाऊन निम्म्याच्या वर काढून टाकलं.

पुस्तकाची पानं आत भरू नका. वननोटमधे पीडीएफचा प्रिंटआउट घातला की प्रत्येक पान चित्र म्हणून बसतं आणि नोटबुक जड होते, स्वस्तातल्या फोनला ती उघडायला वेळ लागतो. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमधे ई-बालभारतीवर आहेतच आणि पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षा या सरकारी ॲपवरचं साहित्य उघडतं, तर लिंक द्यायची आणि पुढे जायचं.

आता रेंजचं. आमच्या शाळेत चार-पाच वाड्यांतली मुलं येतात, त्यातल्या दोन वाड्या अगदी खाली खाडीला लागून, तिथे रेंज नावालाच. एक मुलगा म्हणाला, "बाई, घरात रेंज नाय, सड्यावर गेलं की येते." तो संध्याकाळी गुरं आणायला सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, जायचा तेव्हा वडलांचा फोन घेऊन जायचा. वननोटमधे जे उघडलेलं असतं ते फोनमधे राहतं आणि नेट नसताना वाचता येतं, लिहिता पण येतं, नंतर रेंजमधे आलं की आपोआप वर चढतं. फक्त जो सेक्शन एकदाही उघडला नाही तो घरी गेल्यावर रिकामा दिसू शकतो. म्हणून मी मुलांना सांगून ठेवलंय की सड्यावर असताना प्रत्येक टॅबला एकदा हात लावायचा, पानं दिसली की मगच खाली उतरायचं. पावसात दोन दोन दिवस लाईट जाते आमच्याकडे, तेव्हा या एका गोष्टीने खूप तारलंय. शिमग्यात पण. दहावीचे पेपर फेब्रुवारी-मार्चमधे आणि तेव्हाच पालखी घरोघर फिरते, मुलं दोन तीन दिवस गावात अडकतात आणि अडकावंच, वर्षाचा सण आहे, पण उजळणीचा सेक्शन खिशात असतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या कॉम्प्युटरच्या सरांनी खटपट करून शाळेच्या नावाने मायक्रोसॉफ्टचं एज्युकेशन खातं काढलं. पात्र शाळांना त्यांचा ए1 प्लॅन फुकट असतो, शाळा असल्याची पडताळणी करतात. त्यात क्लास नोटबुक मिळते आणि खरं सांगायचं तर साध्या नोटबुकमधे आणि हिच्यात जमीन अस्मानाचा फरक आहे. तिचे तीन भाग असतात, कंटेंट लायब्ररीत मी टाकते ते मुलं फक्त वाचू शकतात, कोलॅबरेशन स्पेसमधे सगळे मिळून लिहितात, आणि प्रत्येक मुलाची स्वतःची वही असते जी तो आणि मी सोडून वर्गातलं कोणी बघू शकत नाही.

त्या वहीबद्दल सांगायलाच हवं. भिंगाच्या धड्याला किरणाकृती काढून फोटो टाकायला सांगितलं होतं, बहिर्वक्र भिंग, वस्तू नाभी आणि नाभीच्या दुप्पट अंतराच्या मधे. वर्गात कधीच हात वर न करणारा एक मुलगा, त्याने प्रकाशीय केंद्रातून जाणारा किरण वाकवला होता. मी फोटोवरच लाल रेघ सरळ ओढली आणि बाजूला लिहिलं की हा कुठे वळतो का ते परत बघ. त्याने मूळ फोटो तसाच ठेवून खाली दुसरा टाकला, आता किरण सरळ पण प्रतिमा सुलटी. मी परत रेघ मारली. तिसरा फोटो रात्री साडेदहाला आला, प्रतिमा उलटी, मोठी, आणि शेजारी त्याने स्वतःहून लिहिलेलं, "वास्तव, पडद्यावर मिळेल." तिन्ही आकृत्या एकाच पानावर एकाखाली एक आहेत. कागदाच्या वहीत त्याने पहिल्या दोन खोडरबराने घालवल्या असत्या, आणि तो कुठून कुठे आला ते मला पण कळलं नसतं आणि त्याला पण.

त्रास काय? साधी नोटबुक लिंकने एडिट करायला दिलीत तर कोणाचाही हात कुठेही लागतो, एकदा विद्युतधारेचा अख्खा सेक्शन कोणाकडून तरी डिलीट झाला. घाबरू नका, कॉम्प्युटरवर नोटबुकच्या रिसायकल बिनमधे तो 60 दिवस राहतो, तिथून परत आणला. पण मुलांना लिंक देताना नुसतं बघायचीच द्या. दुसरं म्हणजे घरात फोन एकच असतो, तो बाबांबरोबर बोटीवर जातो, आणि जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हाच काय तो दिवसभर घरात. अशी सात मुलं आहेत यंदा. त्यांच्यासाठी मी "मुलांनी करायचं" हे पान दर सोमवारी प्रिंट काढते आणि शाळेतला एक जुना टॅबलेट मधल्या सुट्टीत त्यांच्याकडे देते, ते आधी, बाकीचे नंतर. एवढं करायची तयारी नसेल तर वर्गासाठी बाइंडर सुरू करू नका, स्वतःपुरता ठेवा.

आणि एक प्रत कायम बाहेर. दर सत्राच्या शेवटी मी कॉम्प्युटरवरून सगळी नोटबुक एकगठ्ठा एक्स्पोर्ट करून पेनड्राइव्हवर घेते, एक पेनड्राइव्ह शाळेत आणि एक बहिणीकडे. ती आता वरच्या मजल्यावर राहते. तिच्या वाळवलेल्या कागदांतले जे वाचता येत होते त्यांचे आम्ही मे महिन्यात फोटो काढले आणि प्रकाशाच्या अपवर्तनाचा सेक्शन त्यांतूनच उभा राहिला, तिच्या हस्ताक्षरातली पाण्याच्या ग्लासात वाकडी दिसणारी पेन्सिल पहिल्याच पानावर आहे. नववीची नोटबुक आम्ही दोघी मिळून करतोय, तीन धडे झालेत.