ऐरोलीची फ्लेमिंगो सफर: पाहावी, पण ओहोटीपुरतीच नव्हे

नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून सुटणारी बोटीची फेरी आम्ही फेब्रुवारीत केली. तिचे आरक्षण करताना सोयीची सुट्टी पाहण्याआधी भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहावे, कारण बोटीच्या वेळा पाण्यावर ठरतात आणि रोज बदलतात.

धक्का सोडल्यावर बराच वेळ दोन्ही काठांना तिवरांखेरीज काहीच दिसत नाही. मग पाणी उतरू लागते, चिखल उघडा पडतो आणि लांबून गुलाबी पट्टा वाटणारी रेघ हळूहळू हलू लागते. थव्यात बहुतेक छोटे रोहित, म्हणजे लेसर फ्लेमिंगो, होते. गडद किरमिजी चोच उलटी धरून पाण्यातले शेवाळ गाळून घेण्याचा त्यांचा उद्योग अखंड चालला होता आणि अजून रंग न चढलेली काही करडी पाखरेही त्यांच्यात होती. दुर्बीण घरूनच न्यावी. माझा झूम कॅमेरा तिच्यापुढे निरुपयोगी ठरला.

मात्र भरतीत हा चिखल बुडाला की हे पक्षी विसाव्याला नेरूळच्या पाणथळींकडे जातात, आणि खरी काळजी तिथलीच आहे. ठाणे खाडीला २०१५ मध्ये अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, तरी या जागा त्या हद्दीबाहेर राहिल्या. तिथल्या एनआरआय निवासी संकुलालगतच्या पाणथळींवर गोल्फ मैदान व इमारती उभारण्याचा प्रस्ताव आला. त्यासाठी केलेला भूवापरातील बदल मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केला आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. दिल्ली पब्लिक स्कूलजवळच्या डीपीएस तलावावर तर इमारत बांधण्याचीही गरज पडली नाही. खाडीचे पाणी आत येण्याचे मार्ग बुजताच तो आटला आणि पुढे शेवाळाने भरला. सुमारे ३० एकरांच्या या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास राज्य सरकारने २०२५ मध्ये मान्यता दिली, हे उशिरा का होईना, योग्यच झाले.

म्हणून ही फेरी मी निःसंकोच सुचवतो, पण दुसऱ्या दिवशी भरतीच्या अर्धा तास आधी नेरूळलाही जावे. तिथे तिकीट नाही, बोट नाही; रस्त्याकडेला उभे राहिले तरी खाडीकडून येणारे थवे डोक्यावरून उतरताना दिसतात आणि काही वेळाने सारे एका पायावर, मान पंखांत खुपसून स्वस्थ उभे राहतात.