जुन्या गाडीचं गेलेलं ॲव्हरेज परत मिळवलं: साताठ महिन्यांनंतरचा हिशोब

आधी निकाल सांगते. नवी असताना मिश्र वापरात लिटरला १५ किलोमीटर देणारी पेट्रोल गाडी घसरत घसरत १२ वर आली होती. कामं केल्यावर ती १४.५ च्या आसपास गेली आणि साताठ महिने तिथेच टिकली आहे. पण ज्याला गॅरेजमध्ये 'ट्युनिंग' म्हणतात, म्हणजे प्लग, एअर फिल्टर, इंजेक्टर सफाई, त्यातून यातलं जवळजवळ काहीच आलेलं नाही. आलं ते थर्मोस्टॅट, ब्रेक आणि टायरच्या हवेतून, आणि थोडं ऑक्सिजन सेन्सरमधून.

गाडी मल्टिपॉइंट इंजेक्शनची (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर), हाताच्या गिअरची, लाखभर किलोमीटर कधीच ओलांडलेली. चेक इंजिनचा दिवा कधी लागला नाही, पिकअपही ठीक होता. 'वय झालं, आता एवढंच मिळणार' हे उत्तर मला सगळीकडे ऐकायला मिळालं.

मोजायचं कसं, हे ठरवल्याशिवाय काहीच बदलायचं नाही असं मी ठरवलं होतं. फुल टाकी ते फुल टाकी, शक्यतो एकच पंप, नोझलचा पहिला कट पडला की थांबायचं. वरून 'राउंड फिगर' करत बसायचं नाही. तरीही एका टाकीचा आकडा चार-पाच टक्के इकडेतिकडे होतोच, म्हणून सलग काही टाक्यांची सरासरी धरायची. टायरचा साइज बदलला असेल तर ओडोमीटरही खरं बोलत नाही. तो आधी जीपीएसशी ताडून घ्यावा. आणि एका वेळी एकच काम करायचं, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही.

सगळ्यात उपयोगी वस्तू ठरली ती साधा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे मोबाइलवर दाखवणारं यंत्र. एरर कोड एकही नव्हता, पण चालू गाडीचे आकडे बघितल्यावर गोष्ट उलगडली. गर्दीत अडकले की कूलंटचं तापमान ८५ ते ९० व्हायचं. मोकळ्या रस्त्याला लागले की ते ६५ पर्यंत खाली यायचं आणि उतारावर आणखी पडायचं. निरोगी गाडीत असं होत नाही. थर्मोस्टॅट पाण्याची वाट अडवून धरतो, इंजिन तापलं की आतलं मेण फुगून वाट उघडतं, आणि मग रस्ता कुठलाही असो, काटा फारसा हलत नाही. बहुतेक गाड्यांत तो ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो. नेमका आकडा त्याच्यावरच कोरलेला असतो.

मला वाटलं, थर्मोस्टॅट उघडाच अडकला असेल. हाउसिंग उघडलं तर आत थर्मोस्टॅटच नव्हता! आधी कधीतरी गाडी तापत असताना कुणीतरी तो काढून टाकला होता. हा उपाय इतका प्रचलित आहे की सांगणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही: 'काढून टाका, गाडी गार राहील.' गार राहते, आणि तेच तर दुखणं आहे. इंजिन थंड आहे असं समजून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, जास्त पेट्रोल सोडतो, कारण थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही. ऑइल दाट राहतं, घर्षण वाढतं. छोट्या फेऱ्यांत तर इंजिन पुरतं तापायच्या आतच आपण पोचलेलो असतो. आणि डॅशबोर्डवर अंशांचा आकडा नसून नुसता काटा किंवा पट्ट्या असतील तर हे लक्षातही येत नाही.

नवा थर्मोस्टॅट, नवी गॅस्केट, कूलंट बदली आणि सिस्टीममधली हवा नीट काढणं, एवढंच काम. हवा राहिली तर तापमान वेडंवाकडं दाखवतं, म्हणून तिथे घाई नको. एकूण फायद्यातला निम्मा तरी याच एका कामाचा, असं माझ्या वहीतले आकडे सांगतात. हीटरही पहिल्यांदाच गरम हवा द्यायला लागला, तो वरचा फायदा.

दुसरा नंबर ब्रेकचा. सपाट रस्त्यावर न्यूट्रल केलं की गाडीचा वेग लवकर मरायचा. इंजिनाच्या नादात हे कुणी बघत नाही. मोकळ्या रस्त्यावर, ब्रेक फारसे न मारता गाडी चालवावी, थांबल्यावर चारही चाकांजवळ हात न्यावा. डिस्कला लावू नये, भाजतं. एक चाक बाकीच्यांपेक्षा बरंच गरम लागलं तर ते ब्रेक धरून राहिलंय. माझ्या पुढच्या डाव्या चाकाच्या कॅलिपरच्या (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना कोरड्या पडून गंजल्या होत्या. मागे हँडब्रेकची केबल इतकी ताणलेली होती की लीव्हर खाली असतानाही ड्रममध्ये शू घासत होते. पिना साफ करून ब्रेकचंच उष्णतारोधक ग्रीस लावलं, साधं ग्रीस नाही. त्याने रबर फुगतं. केबल ढिली केली. जॅकवर चाक हाताने फिरवलं की फरक लगेच कळतो.

टायरमधल्या हवेबद्दल सगळेच सांगतात, म्हणून थोडक्यात. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा अंदाज असा आहे की चारही टायरमधली हवा सरासरी १ पीएसआयने (हवेच्या दाबाचं माप) कमी झाली की मायलेज सुमारे ०.२ टक्के घटतं. म्हणजे ८ पीएसआय कमी असेल तर दीड टक्का जातो. टायर थंड असताना, दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरायची. त्याच्या वर भरू नये. टायर मधून झिजतो आणि पकड जाते. अलाइनमेंट त्याच वेळी करून घेतलं. टो, म्हणजे चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन, बिघडला होता.

ऑक्सिजन सेन्सरचं प्रकरण जरा वेगळं. हा धुरातला ऑक्सिजन मोजून ईसीयूला कळवतो. साध्या झिरकोनिया सेन्सरचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये सतत वरखाली झुलायला हवं. माझं झुलत होतं, पण आळसावून. फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोलच्या मापात करतो ती दुरुस्ती) मात्र फार बिघडले नव्हते, उणे पाच-सहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ईसीयू पेट्रोल थोडं कापून वेळ मारून नेत होता. पुढचा, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीचा सेन्सर बदलला आणि ट्रिम शून्याजवळ आले. ॲव्हरेजमध्ये किरकोळ वाढ दिसली. सेन्सर पुरता खराब असेल तर नुकसान मोठं होतं. त्याच ऊर्जा खात्याच्या म्हणण्याप्रमाणे ते काढल्यावर ४० टक्क्यांपर्यंत सुधारणा होऊ शकते. माझी गाडी तिथवर पोचली नव्हती. स्वस्तातली नक्कल मात्र इथे घेऊ नका.

आता जे चाललं नाही ते. प्लगची गॅप झिजून वाढली होती. बदलल्यावर सकाळचा स्टार्ट सुधारला, वहीतला आकडा हलला नाही. मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटणं) होत असता तर हलला असता. एअर फिल्टर काळाकुट्ट होता, तोही बदलला, फरक शून्य. यात नवल नाही. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत ईसीयू हवा मोजून त्या मापाने पेट्रोल देतो. फिल्टर तुंबला तर ॲक्सिलरेटर थोडा जास्त दाबला जातो, एवढंच. ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये हेच तपासलं होतं: आधुनिक गाड्यांत तुंबलेल्या फिल्टरचा परिणाम प्रवेगावर झाला, मायलेजवर लक्षणीय नाही. कार्बोरेटरच्या गाड्यांची गोष्ट वेगळी, 'फिल्टर बदला, ॲव्हरेज वाढेल' हा सल्ला तिथला आहे. टाकीत ओतायची क्लीनरची बाटलीही वापरून झाली. तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप) साफ केल्यावर आयडलिंगला आरपीएम वरखाली होणं थांबलं, त्या समाधानापुरतं ते काम चांगलं.

ऑइलबद्दल मात्र एक सांगते. 'जुनं इंजिन आहे, जाड ऑइल टाका' म्हणून २०डब्ल्यू-५० भरलं जात होतं, पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० लिहिलेलं. ऑइल खात नसलेल्या इंजिनात पुस्तिकेतलाच ग्रेड टाकावा. फायदा एक-दोन टक्क्यांचा, मोजमापाच्या चुकीत हरवणारा, पण मिळतो.

एवढ्या महिन्यांत काय टिकलं? तापमान पक्कं ८८ ला बसलेलं आहे. एका कॅलिपरच्या पिनेचं रबरी बूट फाटलं होतं; पाणी शिरून ती पुन्हा जड झाली आणि ॲव्हरेज लिटरमागे अर्ध्या किलोमीटरने पडलं. तपासायला वेळ लागला नाही, कारण या वेळी आधी चाकाजवळच हात नेला. थंडीत आकडा थोडा उतरतो, एसी लावला की उतरतो, आणि १०० ऐवजी ८० ने चालवलं तर १६ सुद्धा दिसतो. तो माझ्या पायाचा गुण, गाडीचा नाही.

पूर्ण १५ परत आले नाहीत. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासून घेतलं. चारही सिलिंडरमध्ये सारखं, पण नव्यापेक्षा कमी. त्यासाठी इंजिन उघडायची माझी तयारी नाही. तुमच्या गाडीत एखाद्याच सिलिंडरचं कॉम्प्रेशन पडलेलं असेल किंवा सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल, तर वरच्या कामांत खर्च करू नका. ते दुखणं वेगळं आहे आणि आधी ते बघावं लागेल.